बाळ येण्याआधी कॉम्बी: जर्मनीत वापरलेली स्पोर्टी फॅमिली वॅगन निवडताना

घरात पहिल्या बाळाची चाहूल लागली की छोटी हॅचबॅक विकायचा विषय निघतोच. मित्रमंडळींपैकी निम्मे एसयूव्ही सुचवतात, उरलेले व्हॅन. ज्यांना गाडी चालवायला मनापासून आवडतं, त्यांना यातलं काहीच नको असतं. जर्मनीत राहणाऱ्यांपुढे तिसरी वाटही आहे: दमदार इंजिनाची कॉम्बी, म्हणजेच स्टेशन वॅगन. बसायला ती सेडानसारखी खाली आणि वळणावर आटोपशीर असते, शिवाय डिकीत बाबागाडीसकट आठवड्याचं सामान मावतं. इथल्या वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात अशा कॉम्बींना तोटा नाही.

बहुतेक जण निवड उलट्या क्रमाने करतात. आधी इंजिन आवडतं, मग रंग, मग चाकं, आणि बाळाचं सीट शेवटी कसंबसं कोंबलं जातं. क्रम असा ठेवा: आधी बाळाचं सीट, मग बाबागाडी, मग गाडी, आणि त्या गाडीत मिळणारं सगळ्यात चांगलं इंजिन. चालवण्याची मजा याने कमी होत नाही. पुढची चार-पाच वर्षं ज्या गाडीत रोज चढायचं-उतरायचं आहे, तिच्यात रोजची चिडचिड मात्र वाचते.

कधी सुरुवात करायची

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्याच्या सुमारास शोध सुरू करा आणि तिसाव्यापर्यंत गाडी नावावर करून घ्या. छत्तिसाव्या आठवड्यात सीट गाडीत बसवलेलं असायला हवं. बाळाला गाडीने घरी न्यायचं तर सीट लागतंच, आणि बाळ तारीख पाळेलच असं नाही. मुटरशुत्झची, म्हणजे बाळंतपणाची, रजा प्रसूतीच्या तारखेआधी सहा आठवडे सुरू होते. तोवर गाड्या बघण्याची दगदग संपलेली बरी.

परवान्याचंही बघून ठेवा. भारतीय परवान्यावर जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच गाडी चालवता येते, त्यानंतर इथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. दोघांपैकी एकाचाच परवाना इथला असेल तर दुसऱ्याची परीक्षा बाळ येण्याआधी उरकून घ्या. नंतर वेळ मिळणं कठीण.

पहिली पायरी: सीट

नवजात बाळासाठी बेबीशाले, म्हणजे मागे तोंड करून बसवायचं तान्ह्या बाळाचं सीट, घ्यावं लागतं. आर१२९ या बालसीटच्या नियमाखाली बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवणं बंधनकारक आहे. जुन्या आर४४ नियमाची सीट्स सप्टेंबर २०२४ पासून युरोपीय संघात नवी विकता येत नाहीत. जवळ असेल तर वापरायला हरकत नाही, पण कुणाकडून जुनं घेताना त्या सीटने अपघात पाहिला आहे का हे तुम्हाला कळणार नाही. सीट नवं घ्या. वाचवायचेच असतील तर पैसे बाबागाडीत वाचवा. एडीएसी या वाहनचालकांच्या जर्मन संघटनेच्या बालसीट चाचण्यांचे निकाल सगळ्यांना पाहता येतात. दुकानात जाण्याआधी ते चाळा.

बेबीशालेखाली आयसोफिक्सचा, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या हुकांना अडकणारा, बेस लावायचा ठरवलं तर गाडीच्या निवडीवर त्याचा थेट परिणाम होतो. बेसला पुढे एक आधाराचा पाय असतो आणि तो गाडीच्या तळावर टेकतो. काही गाड्यांत मागच्या प्रवाशाच्या पायाखाली झाकण असलेला कप्पा असतो. त्या पोकळ झाकणावर पाय टेकवायचा नाही, कारण धक्क्याच्या वेळी झाकण दबतं आणि सीट पुढे झुकतं. अशी गाडी असेल तर कप्प्याबद्दल गाडीच्या पुस्तिकेत काय म्हटलं आहे ते वाचा आणि सीट बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का ते बघा.

आता मोजमाप. बेबीशाले आणि बेस घेऊनच गाडी बघायला जा. विक्रेत्याला आधी सांगून ठेवलंत तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. दोघांपैकी उंच असेल त्याने पुढचं सीट स्वतःच्या सोयीचं लावून घ्यावं आणि त्याच्याच मागे बेबीशाले बसवावं. पुढच्या सीटची पाठ आणि बेबीशाले यांत बोटभर जागा उरली नाही, तर गुडघे डॅशबोर्डला टेकवून गाडी चालवण्याची वेळ येते. स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब इथे सहज पास होतात. बीएमडब्ल्यू ३ आणि आउडी ए४ च्या कॉम्बीमध्ये चालक सहा फुटांच्या आसपास असेल तर मामला घट्ट होतो. रोजच्या वापरात बेबीशालेची जागा उजवीकडे, फुटपाथच्या बाजूला ठेवा. तिथे पुढचं सीट थोडं सरकवता येतं आणि बाळाला रस्त्यावर उभं न राहता बाहेर काढता येतं.

आयसोफिक्सचे हुक बोटांनी चाचपून बघा. काही गाड्यांत ते टोपणाखाली असतात, काहींत गादी आणि पाठ यांच्या फटीत इतके आत की बेस लावताना दर वेळी झटापट होते. बेबीशाले पुढच्या सीटवर बसवायची वेळ आली तर पुढची एअरबॅग बंद करता आली पाहिजे. त्याचं किल्लीचं कुलूप बहुधा ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा डॅशबोर्डच्या प्रवाशाकडच्या कडेला असतं. ते प्रत्यक्ष फिरवून एअरबॅग बंद असल्याचा दिवा लागतो का ते पाहा. एअरबॅग चालू असताना मागे तोंड केलेलं सीट पुढे ठेवणं जीवघेणं आहे.

दुसरी पायरी: डिकी आणि आजी-आजोबा

डिकीचे लिटर वाचून फार काही कळत नाही, तरी अंदाजासाठी: तिसऱ्या पिढीच्या ऑक्टाव्हिया कॉम्बीची डिकी ६१० लिटर, चौथ्या पिढीची ६४०, सेआट लिऑन एसटीची ५८७, गोल्फ ७ व्हेरियंटची ६०५, तिसऱ्या पिढीच्या सुपर्ब कॉम्बीची ६६०. बीएमडब्ल्यू ३ टूरिंगची साधारण ५०० च्या घरात. आउडी ए४ आव्हांटही तिथेच. चौथ्या ऑक्टाव्हियाची प्लग-इन हायब्रिड आरएस (आरएस म्हणजे स्पोर्टी आवृत्ती) घेतलीत तर बॅटरीमुळे ४९० लिटरच उरतात, हे जाहिरातीत पटकन लक्षात येत नाही.

खरी परीक्षा वेगळीच. बाळंतपणासाठी भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे येणार असतील, तर म्युनिक किंवा फ्रँकफर्टच्या विमानतळावरून त्यांना आणताना गाडीत चार मोठे, एक बाळ आणि २३-२३ किलोच्या तीन-चार बॅगा असू शकतात. वर लोणच्याच्या बरण्यांचं खोकं. मागे एका बाजूला बेबीशाले, शेजारी दोघं. मधलं सीट अरुंद असतं आणि खाली गाडीच्या तळाला उंचवटा असतो, त्यामुळे तिथे बसणाऱ्याचे पाय दोन्ही बाजूंना फाकलेले राहतात. अर्ध्या तासाच्या प्रवासाला हे चालून जातं, पण गुडघेदुखी असलेल्या आजीला तीन तास तिथे बसवू नये. म्हणून गाडी बघताना बेबीशाले लावल्यावर दोघांनी मागे एकत्र बसून पाहा आणि मधल्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल बेसखाली दबत नाही ना, हे तपासा. हे बक्कल दबणं हीच सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट आहे.

वजनाचंही गणित करा. गाडीच्या कागदावर, म्हणजे फारत्सॉइगशाइनवर, एफ.२ या रकान्यात कमाल एकूण वजन असतं आणि जी या रकान्यात रिकाम्या गाडीचं. त्यांतला फरक म्हणजे तुम्ही लादू शकता ते वजन, आणि रिकाम्या वजनात ७५ किलोचा चालक आधीच धरलेला असतो. चार मोठे, बाळ, सीट, बाबागाडी आणि बॅगा मिळून हा आकडा झपाट्याने भरतो. छतावर पेटी लावणार असाल तर ऑक्टाव्हियाची छताची मर्यादा ७५ किलो आहे आणि त्यात दांडे व पेटी यांचं वजनही येतं. भरलेल्या गाडीसाठी टायरमधल्या हवेचा दाब वेगळा असतो. फोक्सवागन समूहाच्या (स्कोडा, सेआट, आउडीसुद्धा) गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेला असतो.

डिकीत बाबागाडी प्रत्यक्ष घालून पाहा, आणि तीही चाकं न काढता. रोज चाकं काढायचा उत्साह पंधरा दिवस टिकतो. उंबरठा किती उंच आहे तेही बघा. सिझेरियन झाल्यावर काही आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका असं डॉक्टर सांगतात, आणि घडी केलेली बाबागाडी दहा-बारा किलोंची सहज असते. विजेवर उघडणारा डिकीचा दरवाजा ऐषारामी वाटतो, पण एका हातावर बाळ असताना त्याची किंमत कळते. डिकी आणि प्रवासी यांच्यामधली जाळी आहे का ते विचारा. कॉम्बीत सामान मागच्या सीटच्या पाठीच्या वर रचलं आणि करकचून ब्रेक लागला, तर ते थेट बाळाच्या डोक्याकडे येतं. जड बॅगा तळाशी, सीटच्या पाठीला टेकवून, आणि वर जाळी.

तिसरी पायरी: इंजिन आणि इंधन

पेट्रोल की डिझेल, हे तुमच्या खऱ्या वापरावर ठरवा. बाळाच्या पहिल्या वर्षात फेऱ्या लहान असतात: बालरोगतज्ज्ञ, हेबामे म्हणजे सुईण, औषधाचं दुकान, पुढे किटा म्हणजे पाळणाघर. डिझेलमधला काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, आणि त्यासाठी इंजिन तापलेलं ठेवून काही वेळ सलग पळावं लागतं. रोज चार किलोमीटरच्या फेऱ्या झाल्या की ही सफाई अर्धवट राहते, जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि शेवटी दिवा लागतो. रोज ऑटोबानवरून कामाला जात असाल तर डिझेल छान, नाहीतर पेट्रोल. करातही फरक आहे: दोन लिटरच्या पेट्रोलला इंजिनाच्या आकारावरचा कर वर्षाला ४० युरो, तेवढ्याच डिझेलला १९० युरो, आणि दोन्हींवर कार्बन उत्सर्जनाचा भाग वेगळा. डिझेल घेतलीत तर युरो ६ या प्रदूषण-मानकापेक्षा जुनी घेऊ नका. म्युनिक आणि स्टुटगार्टसारख्या शहरांनी जुन्या डिझेल गाड्यांना आधीच अटकाव केला आहे.

पहिल्या बाळासाठी आमची पहिली पसंती तिसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया कॉम्बी आरएस २४५, म्हणजे २०१७ ते २०२० मधली. २४५ अश्वशक्ती, ३७० न्यूटन-मीटर, मागे भरपूर जागा, आणि सुटे भाग गोल्फशी बरेच जुळणारे असल्यामुळे कुठलाही गॅरेजवाला हात लावायला कचरत नाही. याच पिढीत डिझेल हवी तर १८४ अश्वशक्तीची टीडीआय आरएस आहे, आणि चारही चाकांना ताकद देणारी आरएस याच डिझेलमध्ये मिळते. जास्त धार हवी त्यांनी लिऑन एसटी कुप्रा पाहावी. रोज लांब ऑटोबान असेल तर बीएमडब्ल्यू ३३०डी टूरिंगचं सहा सिलिंडरचं इंजिन फार गोड आहे, फक्त मागच्या जागेचं मोजमाप आधी करा.

स्पोर्टीपणा चाकांच्या आकारात शोधू नका. ऑक्टाव्हिया आरएसवर १९ इंचाची चाकं देखणी दिसतात, पण २२५/३५ टायरची बाजूची भिंत इतकी बारीक असते की दगडी रस्त्यावर प्रत्येक सांधा बाळाच्या मानेपर्यंत पोचतो आणि फुटपाथच्या कडेवर रिम सोलली जाते. १८ इंचावर २२५/४० घ्या. वळणावर फारसं काही हरवत नाही. बदलत्या कडकपणाचे डॅम्पर असलेली गाडी मिळाली तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही: झोपलेल्या बाळासाठी मऊ, घाटात एकटे असताना कडक. घट्ट मिठी मारणारी सीट्स छान, पण बाळंतपणानंतर त्यांच्या उंच कडांवरून उतरणं त्रासाचं होतं. होणाऱ्या आईला बसून-उतरून बघू द्या आणि तिचं म्हणणं शेवटचं माना.

चौथी पायरी: गाडी तपासणं

सकाळी जा आणि इंजिन थंड ठेवायला आधीच सांगून ठेवा. तुम्ही पोचता तेव्हा बॉनेट गरम असेल, तर इंजिन थंड असतानाच ऐकू येणारा टायमिंगच्या साखळीचा खडखडाट तुमच्यापासून लपला असू शकतो. बीएमडब्ल्यूच्या जुन्या दोन लिटर डिझेलमध्ये, म्हणजे एन४७ मध्ये, टायमिंगची साखळी इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे आणि ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्यामुळे ३२०डी हवी असेल तर २०१५ नंतरचं बी४७ इंजिन शोधा.

ऑक्टाव्हिया आरएस, कुप्रा आणि गोल्फ आर यांच्या दोन लिटर पेट्रोल इंजिनात कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) पंप आणि थर्मोस्टॅट एकाच प्लास्टिकच्या घरात असतात, आणि ते घर गळणं हे या इंजिनाचं ठरलेलं दुखणं. टॉर्च घेऊन इनटेक मॅनिफोल्डच्या खाली पाहा. तिथे गुलाबी-पांढरी सुकलेली पापुद्रेदार रेघ दिसली किंवा कूलंटच्या टाकीतली पातळी किमान रेषेजवळ असली, तर गळती सुरू आहे. मालकाने हे घर बदललं असेल आणि बिल दाखवलं, तर तो गाडीच्या बाजूने गुण आहे.

डीएसजी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल थेट प्रश्न विचारा. सहा गिअरच्या ओल्या (तेलात चालणाऱ्या) क्लचच्या पेटीतलं तेल दर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. बिलावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही दिसले पाहिजेत. चाचणीत गाडी चढावर रिव्हर्समध्ये हळू सरकवा आणि वाहतुकीत रांगत चालवा. धक्के किंवा थरथर जाणवली तर पुढचा खर्च ओळखा. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मागच्या चाकांना जोडणाऱ्या हाल्डेक्स क्लचचं तेल तीन वर्षांनी बदलायचं असतं, आणि ते बऱ्याच जणांकडून राहून जातं.

स्पोर्टी गाड्यांत चिप ट्यूनिंगची, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकात केलेल्या बदलाची, शंका कायम ठेवा. कागदांत नोंद नसलेल्या बदलामुळे गाडीची रस्त्यावरची परवानगी आणि विमा दोन्ही धोक्यात येतात. फोक्सवागन समूहाच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये इंजिनाच्या संगणकातला बदल टीडी१ या खुणेने नोंदलेला सापडतो. म्हणून खरेदीआधी चासी क्रमांकावरून सर्व्हिसचा छापील इतिहास मागवा. त्याच वेळी बाकी असलेले रिकॉलही विचारून घ्या.

काचेचं मोठं छप्पर असेल तर पुढच्या पायपुसणीखाली हात घालून ओल पाहा. पाण्याच्या नळ्या तुंबल्या की पाणी आत उतरतं आणि बाळाच्या गाडीत बुरशीचा वास येतो. टायरवर डॉट या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. हिवाळी टायरवर पर्वत आणि हिमकणाचं चिन्ह हवंच, १ ऑक्टोबर २०२४ पासून दुसरं चालत नाही.

एवढं करूनही आवडलेली गाडी एडीएसी, डेक्रा किंवा ट्यूफच्या केंद्रात लिफ्टवर चढवून तपासून घ्या. विक्रेता नको म्हणाला, तर ती गाडी सोडून द्या.

पाचवी पायरी: सौदा, विमा, नोंदणी

पहिल्या बाळाच्या वर्षात खासगी विक्रेत्याकडून गाडी घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे, चार पैसे जास्त गेले तरी. व्यापाऱ्याची दोषांबद्दलची कायदेशीर जबाबदारी वापरलेल्या गाडीवर निदान एक वर्ष राहते, आणि २०२२ पासून त्या वर्षात दोष आढळला तर तो विक्रीनंतर आला हे सिद्ध करणं व्यापाऱ्यावर असतं. खासगी विक्रेता ही जबाबदारी करारातूनच काढून टाकतो. काही व्यापारी गाडी आधीच्या मालकाच्या वतीने विकत असल्याचं करारात घालतात. असं लिहिलेलं दिसलं, तर खरा विक्रेता कोण हे विचारा आणि सही लांबवा.

विम्याचा आकडा सौद्याच्या आधी काढा. फारत्सॉइगशाइनवरचे २.१ आणि २.२ रकान्यांतले क्रमांक तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर घातले की त्याच मॉडेलचा नेमका वर्ग मिळतो. इथे पहिल्यांदा विमा काढणाऱ्याचा हप्ता जास्त असतो, आणि आरएसचा साध्या ऑक्टाव्हियापेक्षा आणखी. टाइलकास्कोमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या ठरावीक नुकसानींच्या विम्यात, मार्टेन या मुंगसासारख्या प्राण्याने कुरतडलेल्या वायरी आणि त्यामुळे पुढे झालेलं नुकसान, दोन्ही धरले आहेत का ते वाचा. अंगणात उभ्या गाडीखाली रात्री हा प्राणी शिरतो आणि सकाळी इंजिनाचा दिवा लागतो.

नोंदणीसाठी विमा कंपनीचा ईव्हीबी क्रमांक (विमा असल्याचा पुरावा), गाडीच्या कागदाचे दोन्ही भाग, चालू ट्यूफ तपासणी (गाडीची सक्तीची तांत्रिक तपासणी), ओळखपत्र व पत्त्याचा दाखला आणि करासाठी बँकेतून वजावटीची संमती लागते. ट्यूफ तपासणी दर दोन वर्षांनी असते. नुकतीच झालेली गाडी घेतली, तर बाळाच्या पहिल्या वर्षभरात त्यासाठी धावावं लागत नाही.

घरी आणल्यावर

चाकं बदलून घेतली असतील तर पहिल्या ५० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळा, ऑक्टाव्हियाला १२० न्यूटन-मीटरवर. बेस लावताना दोन्ही बाजूंचे खटके ऐका आणि हिरवे दर्शक पाहा. मग तो जोराने हलवा: सीट हलायला नको, हललीच तर गाडीसकट. बाहुली किंवा टॉवेलची गुंडाळी घालून पट्टे लावण्याचा सराव दोघांनीही करावा, आजी-आजोबांनीही. हिवाळ्यात बाळाला जाड जॅकेट घालून पट्टे लावू नका. धक्क्यात जॅकेट दबतं आणि पट्टा सैल होतो. आधी पट्टे लावा, वर पांघरूण घाला. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये सपाट बोट कसंबसं जाईल, इतकंच सैल ठेवा. नवजात बाळाला बेबीशालेत सलग दीड-दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, म्हणून लांबच्या प्रवासात थांबे आधीच ठरवून निघा.